पुरात हरवलेली पोरगी: सांगलीवर रहस्यकादंबरी लिहितेय, मदत करा नाहीतर शिव्या घाला

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचून जात होते, मागं एकदा दुसऱ्याच्या धाग्यावर तीन पानं टाकली तेवढीच, आज धीर करून स्वतःचा धागा काढतेय. गेली दोन वर्षं रात्री भांडीकुंडी आवरली की थोडं थोडं लिहितेय. रहस्यकादंबरी आहे पण बंगला, खून, पाईप ओढणारा डिटेक्टिव्ह आणि शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून उलगडा असलं काही नाहीये त्यात. घरातलीच भीती आहे, म्हणजे दार बाहेरून कोणी फोडत नाही, आतलंच माणूस कडी काढतं.

तर विश्रामबागेत एक तीन मजली बिल्डिंग, नऊ फ्लॅट. ऑगस्ट २०१९ चा पूर. गावभागात आणि खणभागात पाणी शिरलं तसे सगळ्यांचे पाहुणे वर आमच्याकडं आले, एकेका टू बीएचकेमध्ये बारा-पंधरा माणसं, गाद्या कमी पडल्या म्हणून सतरंज्या, लाईट गेलेली, फोन डेड. अशा रात्री दुसऱ्या मजल्यावरची चार वर्षांची पोरगी अंथरुणातनं गायब. आई म्हणते आजीजवळ झोपली होती, आजी म्हणते आईजवळ.

इथपर्यंत मला मस्त जमलंय असं माझं मत (नवऱ्याचंही, पण तो भिऊन बोलतो). पुढं सातव्या प्रकरणात पोलीस येतात आणि सगळं ढेपाळतं. इन्स्पेक्टर म्हणतो शहर सगळीकडनं बंद आहे, पोरगी शहरातच असणार, चोवीस तास वाट बघा, मग कंप्लेंट घेतो. तोवर शेजाऱ्यांची गुपितं एकेक बाहेर पडायला लागतात. दोन मैत्रिणींनी वाचलं, एक म्हणाली स्लो आहे, दुसरी म्हणाली छान आहे आणि परत फोनच केला नाही. पोलीस खरंच काय करतात? आणि त्या पुराच्या दिवसांतलं कुणाला काय आठवत असेल ते सांगा, मी तेव्हा नेमकी माहेरी होते, ऐकीव माहितीवर लिहिलंय.

भडंग_आणि_चहा:
आधी अभिनंदन. आता शिव्या.
तुमच्या बिल्डिंगमधली सगळी माणसं सदाशिव पेठेत राहिल्यासारखी का बोलतात? मागं त्या दुसऱ्या धाग्यावर तुम्ही तीन पानं टाकली होती ती वाचली. "अगं, तू तिला पाहिलंस का?" ओ ताई, पोरगी हरवलीय, बाई जिन्यात उभी राहून ओरडतीय, ती म्हणणार "पोरीला बघितलासा का कुणी?" आणि आमच्याकडच्या पोरी सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात ते कुठं गेलं? एकीच्या तोंडी तरी घाला. पुण्याचा वाचक अडखळला तर अडखळू दे की.

कृष्णाकाठची:
मान्य. मान्य. मी स्वतः फोनवर आईशी बोलताना 'आलो' म्हणते आणि लिहायला बसले की शाळेतल्या मराठीच्या बाई मानगुटीवर बसतात.

निवृत्त_खाकी:
मॅडम, ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच ठाणे अंमलदार म्हणून. तुमचं सातवं प्रकरण फाडून टाका. राग मानू नका.

चोवीस तास थांबा हा प्रकार सिनेमातला. सुप्रीम कोर्टानं १० मे २०१३ ला स्पष्ट सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच दाखल करायचा, आणि पळवून नेलंय किंवा मानवी तस्करी झालीय असं धरूनच तपास सुरू करायचा. मोठं माणूस हरवलं तर मिसिंगची नोंद होते, अठरा वर्षांखालचं असेल तर एफआयआर. तुमची गोष्ट २०१९ ची आहे म्हणजे भादंवि, जुनी भारतीय दंड संहिता, कलम ३६३ लागणार. त्यात कायद्याच्या मराठीत शब्द 'अपनयन' आहे, अपहरण वेगळं, तुमचा इन्स्पेक्टर बोलताना अपहरणच म्हणेल पण कागदावर रायटर अपनयन लिहील, असली बारीक गोष्ट घातली की वाचणाऱ्याला खरं वाटतं. हीच गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची असती तर भारतीय न्याय संहिता कलम १३७. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडं जातो. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाईनला, फोन करायचं कुणाला तरी सुचू द्या.

आता तपास. मूल हरवल्याचा फोन आला की आम्ही रस्त्यावर पळत नाही, आधी घर बघतो. आईबापाला राग येतो, साहेब पोरगी बाहेर गेलीय आणि तुम्ही कपाटं काय उघडताय. पण पाण्याची टाकी, गच्ची, पलंगाखालचा बॉक्स, पार्किंगमधल्या बंद गाड्या, लिफ्टचा खड्डा, विहीर, हे पहिल्या तासात बघायचं म्हणजे बघायचं. मग शेवटचं कोणी बघितलं, अंगावर काय होतं, पायात चप्पल होती का. चप्पल फार महत्त्वाची. चप्पल दारातच असेल तर पोर उचलून गेलंय नाहीतर लांब गेलेलंच नाही. मग सीसीटीव्ही, पण तुमच्याकडं लाईटच नाही म्हणजे तो प्रश्न मिटला, आणि टॉवरही बंद असतील तर फोनचं लोकेशनही नाही. म्हणजे राहिलं काय? जबाब. नऊ फ्लॅट आणि शंभरावर माणसं, प्रत्येकाला एकच प्रश्न, त्या वेळेला तुम्ही कुठं होता.

आणि खरी गंमत तिथंच आहे, कादंबरी तिथं लिहा. नवरा सांगतो मी झोपलो होतो, बायको सांगते हे गॅलरीत होते. एक जण म्हणतो गाडी बघायला खाली गेलो, खाली गाडीच नाही. आमच्या नोकरीत एक शिकलो, खोटं बोलणारी दहा माणसं सापडली तर नऊजण दुसरंच काहीतरी लपवत असतात. कुणाची उधारी असते, कुणाची बाटली, कुणाचं लफडं. पोरीचा आणि त्याचा काडीचा संबंध नसतो, पण आमचे दोन दिवस त्यातच जातात आणि त्या दोन दिवसांत पोर लांब जातं.

रात्रीचे_दोन:
खाकी काका, नमस्कार घ्या. शेवटचा परिच्छेद म्हणजे अख्ख्या कादंबरीचा सांगाडा आहे.

पेठेतला_सांगलीकर:
मी थोडा विरोधी सूर लावतो. ही जी 'शेजाऱ्यांची गुपितं' वाली कादंबरी असते ती मुळात परदेशातली, जिथं शेजारी एकमेकांना ओळखतच नाहीत तिथली आहे. हिरवळ, पांढरं कुंपण, रविवारी भेटले तर हात हलवणार. आपल्याकडं शेजारणीला आपल्या घरात सकाळी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते माहीत असतं. गुपित राहणार कुठं? आपल्याकडं रहस्यकथा म्हणजे अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, वेषांतर, मोटारींचा पाठलाग. घरात बसून घाबरवायची परंपराच नाही आपल्याकडं.

भडंग_आणि_चहा:
शिट्ट्या माहीत असतात ओ, कुकरमध्ये काय आहे ते नसतं माहीत. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब अकरा वर्षं राहिलं, रोज जाता येता "काय म्हणताय", आणि एक दिवस बँकेची नोटीस दारावर चिकटलेली बघितली तेव्हा कळलं की फ्लॅटवर तीन कर्जं आहेत.

मिरजकर_तंतुवाद्य:
पुराबद्दल. ताई तुमचा इन्स्पेक्टर म्हणतो की शहर बंद आहे त्यामुळं पोरगी शहरातच असणार. अर्धं बरोबर आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं, २००५ ला ५३ च्या पुढं गेलं तेव्हाच लोक म्हणाले होते की आता आयुष्यात परत असं बघायला नको. कोल्हापूरची बाजू बंद, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. पण विश्रामबागेतनं मिरजेला मी स्वतः स्कूटरवर आलोय, पेट्रोलच्या रांगेत दीड तास उभा राहून. आणि मिरज म्हणजे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारी दिशांना रूळ. त्या आठवड्यात गाड्यांचा गोंधळ होता तरी प्लॅटफॉर्मवर माणसं होतीच, पोतडी घेऊन बसलेली. त्या गर्दीत एक माणूस झोपलेलं पोर खांद्यावर टाकून चाललाय, कोण बघणार? सगळ्यांच्याच खांद्यावर झोपलेली पोरं होती.

कृष्णाकाठची:
बाप रे. हे शेवटचं वाक्य मी चोरणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

मिरजकर_तंतुवाद्य:
चोरा. अर्पणपत्रिकेत एक मोसंबी सोडा पाजा.

हरिपूरचा_पोरगा:
पूर लिहिताय आणि पेव नाही? आमच्या हरिपूरच्या बाजूला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल गोल खड्डा, वर तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच. आत हळद ठेवली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, पाणी आत शिरलं, माती ढासळली. आता सांगली हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं पण पेवं बघायला मिळत नाहीत फारशी.

लहानपणी आमचे आजोबा पेव उघडायचे ते आठवतंय. झाकण काढलं की लगेच कुणी उतरायचं नाही, बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर परत वर. आत श्वास घेण्याजोगी हवाच नसते ना. आम्हा पोरांना दहा फूट लांब उभं करायचे आणि तरी आजोबा मधनं मधनं मागं वळून डोकी मोजायचे. एक, दोन, तीन, चार. ते मोजणं अजून कानात आहे.

तुमच्या कादंबरीतली आजी हरिपूरची दाखवा. पोरगी हरवल्यावर सगळे रस्ता बघतायत आणि ती म्हातारी एकटी जमिनीकडं बघतीय, फरशीकडं.

रात्रीचे_दोन:
अंगावर काटा आला खरंच. पण पेवातच पोरगी सापडली असं करू नका प्लीज, मला झोपायचं असतं रात्री (नावावर जाऊ नका).

माणदेशी_एक्सप्रेस:
एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. पोर हरवलं की शेजारी पहिला संशय कुणावर घेणार? परक्यावर. जतमध्ये लवंगा गावात सप्टेंबर २०२२ ला उत्तर प्रदेशातले साधू गाडीतनं चाललेले, रस्ता विचारायला थांबले, आणि पोरं पळवणारी टोळी म्हणून त्यांना काठ्या-पट्ट्यांनी बडवलं, व्हिडिओ देशभर फिरला. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळ्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला, नाथपंथी डवरी गोसावी, सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागायला गेलेले. दोन्हीकडं पोर हरवलेलं नव्हतंच. नुसता व्हॉट्सॲप.

तुमच्या बिल्डिंगमध्ये शंभर पाहुणे भरलेत म्हणताय. त्यातला कुणीतरी असा असणारच की ज्याला कुणीच नीट ओळखत नाही, प्रत्येकाला वाटतंय तो दुसऱ्याचा पाहुणा. त्याला मार बसणार. ते प्रकरण लिहिल्याशिवाय कादंबरी खोटी वाटेल.

कृष्णाकाठची:
खरं सांगू का, असा माणूस आहे कादंबरीत. सांगलीवाडीतनं आलेला, एका पिशवीसकट. पण मी त्याला शेवटी गुन्हेगार केलाय.

माणदेशी_एक्सप्रेस:
मग बदला की.

पेठेतला_सांगलीकर:
इथं मी माणदेशीशी सहमत. तो गुन्हेगार निघाला तर बिल्डिंगमधले नऊही फ्लॅट सुटतात, सगळ्यांनी दार लावून निवांत झोपायचं. मग गुपितं कशाला जमवली एवढी?

वकीलीणबाई:
मधे पडते. बाप पोरीला घेऊन गेला असा ट्विस्ट कुणी सुचवणार असेल तर कायदा बघून सुचवा. आईबापाचं पटत नसेल आणि बापानं नेलं तर पोलीस चटकन अपनयनाचा गुन्हा घेत नाहीत, कारण हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणं बाप नैसर्गिक पालक. पण त्याच कलम ६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडं असंही आहे. तुमची पोरगी चार वर्षांची. म्हणजे दोन्हीकडनं भांडता येतं, एक अख्खं प्रकरण होईल. आणि पोरगी परक्या ठिकाणी एकटी सापडली तर ती थेट आईच्या कुशीत जात नाही बरं का, २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. सिनेमात कुणी दाखवत नाही ते.

निवृत्त_खाकी:
बरोबर बोललात मॅडम. आणि सापडल्यावर फोटो थांबत नाहीत तेही लिहा. पोर घरी येऊन शाळेत जायला लागलं तरी ग्रुपवर 'हे बाळ हरवले आहे, कृपया पुढे पाठवा' फिरतच असतं. एका बाईंनी मला तीन वर्षांनी फोन केला होता, साहेब परत आला हो तो मेसेज, आता हिला वाचता येतं.

रात्रीचे_दोन:
आता हिला वाचता येतं. बास. झोप गेली.

मुकी_वाचक:
नऊ वर्षं झाली इथं येऊन, पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पेठेतले दादा म्हणाले ना आपल्याकडं गुपित राहत नाही, त्यावरनं एक आठवलं.

१९९४-९५ असेल. सांगलीतच, कॉलनीचं नाव नको. आमची बैठी घरं, दोन-दोन घरांना मधे एकच भिंत आणि मागं सामाईक परसू. माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. मे महिना. दुपारी आईचा डोळा लागला, उठून बघते तर हा नाही. आधी हाका, मग आरडाओरडा, मग सगळी कॉलनी बाहेर. कोपऱ्यावर एक विहीर होती, वापरात नसलेली, दोघा-तिघांनी तिच्यात गळ टाकला. दोरी खाली जाताना बघितलं की माझी आई मटकन खाली बसली, ते मला अजून दिसतं. मी नऊ वर्षांची, हातात भावाची चप्पल धरून उभी होते. खाकी काका, चप्पल दारातच होती.

शेजारच्या काकू आमच्या सगळ्यांत पुढं, त्याचं नाव घेऊन ओरडत होत्या. काका नाशिकला बदलीवर होते असं त्या सगळ्यांना सांगायच्या, सहा-सात महिने झालेले. त्यांच्या घराला म्हणून दिवसा बाहेरनं कुलूप, कारण त्या शिवणाच्या क्लासला जायच्या.

दोनेक तास गेले. मग काकू आईजवळ आल्या, आईचा हात हातात घेतला, काही बोलल्या नाहीत. हात सोडला तेव्हा आईच्या मुठीत चावी होती. घामानं ओली झालेली. मी बाजूलाच होते म्हणून बघितलं, बाकी सगळे विहिरीकडं बघत होते.

आई उठली, मला घेऊन त्यांच्या दाराशी गेली, कुलूप काढलं. आत अंधार, खिडक्या लावलेल्या. पंख्याखाली सतरंजीवर माझा भाऊ बसलेला आणि त्याच्यासमोर काका, दाढी वाढलेली, बनियनवर. नाशिकला नव्हतेच. नोकरी गेली होती, काहीतरी पैशाचा घोळ झाला होता ऑफिसात, खरा-खोटा आम्हाला कधीच कळला नाही. तोंड दाखवायला नको म्हणून आत बसलेले, सहा-सात महिने. आणि भाऊ रोज दुपारी परसातल्या खिडकीच्या मोडक्या गजातनं आत जायचा खेळायला. कुणाला सांगू नको म्हणले होते काका, तर त्यानं खरंच सांगितलं नाही. पाच वर्षांचं पोर.

आईनं त्याला उचललं. बाहेर आली. आणि परत कुलूप लावलं.

चावी काकूंच्या हातात दिली आणि सगळ्यांना सांगितलं, गच्चीच्या जिन्याखाली झोपला होता. आमच्याकडं गच्चीला जिना नव्हता, शिडी होती. कुणीही काही विचारलं नाही.

भडंग_आणि_चहा:
…

कृष्णाकाठची:
मी हे तीनदा वाचलं. काकूंना माहीत होतं का, तो आत आहे ते? सुरवातीपासून?

मुकी_वाचक:
तेच तर. आई त्यांच्याशी पुढं कधी बोलली नाही. आठ वर्षं शेजारी राहिलो, एक शब्द नाही. आणि गोष्टही कुणाला सांगितली नाही, बाबांनासुद्धा नाही. मी एकदा विचारायला गेले तर म्हणाली भाजी निवडून झाली का. दोन तास त्यांनी दोरी खाली जाताना बघितली असेल तर... मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही दोन तासांनीच सुचलं असेल. आई आता ७६ ची आहे. परत विचारायचं धाडस होत नाही.

निवृत्त_खाकी:
माझ्या नोकरीत असा जबाब मला कधी मिळाला नाही. मिळणारही नव्हता.

पेठेतला_सांगलीकर:
माझा वरचा प्रतिसाद मागं घेतो. शिडी होती हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं ना.

मुकी_वाचक:
हो. सगळ्यांनी त्या शिडीवरनं पापड वाळत घातलेले.

कृष्णाकाठची:
मी काल रात्री शेवटची चाळीस पानं काढून टाकली. सांगलीवाडीवाला सुटला. इन्स्पेक्टरचं चोवीस तासवालं पण गेलं. सगळ्यांची गुपितं शेवटी धडाधड बाहेर पडत होती, तेही आता तसं नको वाटतंय, एखाद्या बाईनं परत कुलूप लावलेलं बरं. मुकीताई, तुमची गोष्ट मी घेणार नाही, ती तुमच्या आईंची आहे. फक्त एक विचारू? दार उघडलं तेव्हा ते दोघं काय खेळत होते?

मुकी_वाचक:
बदामसात. भावाला पत्ते नीट धरता यायचे नाहीत म्हणून काकांनी त्याचे पत्ते चपलांच्या रिकाम्या खोक्यात उभे लावून दिले होते. आई त्याला उचलायला लागली तर रडायला लागला, म्हणाला थांब, माझी सत्ती यायचीय.